संयुक्त राष्ट्रांची सनद बदलायची कशी? पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

सुरक्षा परिषदेत भारताला कायम जागा मिळावी, ही मागणी आपण वर्षानुवर्षे ऐकतो. ती नुसत्या पाठिंब्याने मिळत नाही. कायम सदस्यांची नावे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या, म्हणजे स्थापनेच्या कराराच्या, कलम 23 मध्येच लिहिलेली आहेत, त्यामुळे आधी सनद बदलावी लागते. त्याची रीत कलम 108 आणि 109 मध्ये आहे.

पात्रता

दुरुस्तीवर फक्त सदस्य देश मत देऊ शकतात. सध्या ते 193 आहेत. पॅलेस्टाईन आणि व्हॅटिकन निरीक्षक आहेत, त्यांना मत नाही. सदस्याचेही मत जाऊ शकते: वर्गणीची थकबाकी मागच्या दोन वर्षांच्या देण्याइतकी झाली, की कलम 19 लागते. थकबाकीमागचे कारण देशाच्या हाताबाहेरचे असेल, तर आमसभा सूट देऊ शकते.

मंजुरी

आमसभेत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश, म्हणजे आज 129 मते लागतात. एरवी महत्त्वाच्या ठरावांना हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश पुरतात. इथे तसे नाही, म्हणून तटस्थ राहणे किंवा गैरहजर राहणे हे विरोधाइतकेच महागात पडते. या टप्प्यावर कायम सदस्यांचा नकाराधिकार (व्हेटो) मात्र चालत नाही.

तो पुढे आडवा येतो. मंजूर दुरुस्तीला दोन तृतीयांश सदस्यांनी आपापल्या घटनेप्रमाणे अनुसमर्थन (देशाची अधिकृत मंजुरी) द्यावे लागते आणि त्यांत पाचही कायम सदस्य हवेतच. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स यांपैकी एकाने फाईल दाबून ठेवली तरी काम थांबते; नकार कळवण्याचीही गरज नाही.

तरी आमसभेतला विरोध म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. 17 डिसेंबर 1963 रोजी सुरक्षा परिषद 11 वरून 15 सदस्यांची करण्याचा ठराव आला. फ्रान्स आणि सोव्हिएत संघाने विरोधात मत दिले, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. पुढे या सगळ्यांनी अनुसमर्थन दिले. आशिया-आफ्रिकेतल्या नव्या स्वतंत्र देशांना कायमचे नाराज ठेवणे कुणालाच परवडणारे नव्हते, असे मला वाटते.

कागदपत्रे

सुरुवातीला ठरावाचा मसुदा लागतो, कलमाच्या नव्या शब्दांसह. मंजुरीनंतर प्रत्येक देशाचे अनुसमर्थनपत्र, राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्र्यांच्या सहीचे, सरचिटणीसांकडे जमा होते. त्यामागची घरची तयारी देशागणिक वेगळी. अमेरिकेत सिनेटची दोन तृतीयांश संमती लागते. भारतात करार करणे सरकारच्या अखत्यारीत येते. संसदेची पूर्वसंमती सक्तीची नाही.

दुसरा मार्ग

कलम 109 नुसार सगळ्या सनदेच्या फेरविचारासाठी परिषद बोलावता येते. त्यासाठी आमसभेचे दोन तृतीयांश सदस्य आणि सुरक्षा परिषदेतले कोणतेही नऊ पुरेत, नकाराधिकार नाही. पण या फेरविचार परिषदेने सुचवलेला बदलही पाचांच्या अनुसमर्थनाशिवाय लागू होत नाही. अशी परिषद आजवर भरलेली नाही.

किती वेळ लागतो?

सनदेत मुदत नाही. 1945 पासून दुरुस्त्या लागू झाल्या त्या 1965, 1968 आणि 1973 मध्ये. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘शत्रूराष्ट्रां’चे उल्लेख काढावेत, असे 2005 च्या शिखर परिषदेत ठरले, ते अजून तिथेच आहेत. 1963 च्या ठरावात मात्र 1 सप्टेंबर 1965 पर्यंत अनुसमर्थन द्या, असे आवाहन होते, आणि दुरुस्ती 31 ऑगस्टला लागू झाली.