नळ घट्ट झाल्यावर उलटा फिरवू नका

अर्ध्या इंचाचा बिबकॉक, म्हणजे भिंतीतला साधा नळ, घरच्या घरी बदलता येतो, बदलावाही. पण आठवडाभराने "गळका नळ दिलात" म्हणून जे आमच्या दुकानात परत येतात, त्यांतले बहुतेक नळ चांगले असतात. चुकलेली असते ती बसवणी, आणि चूकही एकच: आवळताना नळाचं तोंड जरा पुढे गेलं, म्हणून सरळ करायला पाव फेरा मागे घेतला.

नळाच्या आट्यांवर गुंडाळायचा पांढरा टेफ्लॉन टेप आट्यांत एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. मागे फिरवलं की पाण्याला वाट मिळते, तीही फ्लँजच्या (भिंतीला टेकणाऱ्या गोल चकतीच्या) मागे, भिंतीत. समोर थेंब दिसत नाही. पलीकडच्या खोलीतला रंग सुटायला लागतो तेव्हा कळतं. तोंड पुढे गेलं तर नळ पूर्ण काढा, जुना टेप खरवडा, दोन-तीन वेढे जास्त देऊन पुन्हा आवळा.

टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून दहा-बारा वेढे द्या, पहिला आटा मोकळा सोडा. उलटा गुंडाळला तर आवळताना गोळा होऊन बाहेर येतो. एल्बोत, म्हणजे नळ ज्यात बसतो त्या भिंतीतल्या वळणाच्या जोडात, पितळी आटे नसून नुसतं प्लास्टिक असेल तर वेढेही कमी आणि जोरही कमी. तो चिरला तर टाइल फोडण्यावाचून इलाज नाही.

नळ बंद करूनही तोंडातून थेंब पडत असतील तर नळ कशाला बदलता? स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा उघड-बंद करणारा आतला भाग, बदला, खर्च बराच कमी. मात्र जुना काढून आणा. दाते आणि उंची कंपनीगणिक वेगळी असते, त्यामुळे मोबाइलवरचा फोटो पाहून आम्ही स्पिंडल देत नाही. राग येतो, पण तुमचीच फेरी वाचते.

टेप लावलेला नळ परत घेत नाही. दुकानात पाण्याच्या लाइनला जोडून दाखवतो. तिथे नळच गळका निघाला तर मात्र बदलून देतो.

जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला मात्र स्वतः पाइप पान्हा लावू नका, गंजलेला निपल (आटे असलेला जोडाचा छोटा तुकडा) आतच तुटतो. तिथे आमचा माणूस बोलवा; काम दिलंत तर व्हिजिट चार्ज मजुरीतून वजा करतो.

आणि गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह खरंच बंद होतो का, ते नळ काढण्याआधी पाहा. रविवारी संध्याकाळी दुकान बंद असतं.