मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांतील समाजमाध्यमे

मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमाला (इंग्रजी लघुरूप ‘मूक’) कोणीही नाव नोंदवू शकतो. त्यामुळे एका वर्गात हजारो, कधी लाखावर विद्यार्थी असतात आणि शिकवणारे मोजकेच. प्रत्येकाची शंका शिक्षकाने सोडवणे शक्य नसते, म्हणून शिकणाऱ्यांनी एकमेकांना विचारावे, सांगावे, चुका दाखवाव्यात यासाठी चर्चामंच, ब्लॉग, ट्विटर (आताचे एक्स), फेसबुक व टेलिग्रामवरील गट अशी साधने वापरली जातात.

या पद्धतीचा ठळक आरंभ २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या ‘सीसीके०८’ या अभ्यासक्रमात झाला. जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स तो चालवत. शुल्क भरणारे विद्यार्थी पंचवीसच्या आसपास, विनाशुल्क सामील झालेले मात्र दोन हजारांहून अधिक. ज्ञान हे माणसे, मजकूर आणि यंत्रे यांच्यातील जोडण्यांत असते, हा ‘कनेक्टिव्हिझम’चा सिद्धांत हाच शिकण्याचा विषय होता आणि शिकवण्याची रीतही तीच होती. विद्यार्थी आपापल्या ब्लॉगवर लिहीत आणि लेखाला अभ्यासक्रमाची खूण जोडत. डाउन्स यांनी स्वतः रचलेली संगणक प्रणाली या ब्लॉगांच्या आरएसएस फीडमधून (नव्या लेखांची आपोआप अद्ययावत होणारी, यंत्राला वाचता येणारी यादी) खुणेचे लेख वेचून त्यांची यादी रोज ईमेलने सर्वांना धाडी. एरवी विखुरलेल्या गप्पांना वर्गाचे रूप आले ते या संकलनामुळे. साधनांच्या गर्दीत हा भाग सहसा दुर्लक्षित राहतो.

२०११ मध्ये सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांच्या स्टॅनफर्डमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले. तेव्हापासून चित्रफिती आणि स्वयंचलित चाचण्यांचा साचा रूढ झाला, संवाद कडेच्या चर्चामंचावर गेला. एमआयटीच्या २०१२ मधील ‘सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’मध्ये सुमारे १,५५,००० नोंदणींपैकी ७,१५७ जणांना प्रमाणपत्र मिळाले, मंचावर लिहिणारे जेमतेम तीन टक्के होते. मात्र त्यावरून बाकीच्यांना मंचाचा उपयोग झाला नाही असे म्हणता येत नाही. गृहपाठात अडकलेला विद्यार्थी बहुधा आधीच कोणीतरी विचारलेला प्रश्न शोधतो, उत्तर वाचतो आणि न लिहिता निघून जातो. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने उभारलेल्या ‘फ्यूचरलर्न’ने यावर वेगळा तोडगा काढला: पाठाच्या प्रत्येक टप्प्यालाच चर्चा जोडली, म्हणजे प्रश्न जिथे पडतो तिथेच विचारता येतो.

गट पाडणे वाटते तितके सोपे नाही. २०१३ मध्ये ऑनलाइन अध्यापनावरच्याच एका मोठ्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी सामायिक गुगल स्प्रेडशीटवर नावे घालून गट करायचे होते. हजारो जण एकदम तिथे आले, तक्ता कोलमडला आणि आठवडाभरातच अभ्यासक्रम थांबवावा लागला.

बाहेरच्या समाजमाध्यमांच्या अडचणी आणखी निराळ्या. खासगी खाते वर्गासमोर उघडे करायला सगळे राजी नसतात. फेसबुक आणि ट्विटर चीनमध्ये बंद असल्याने तिथल्या विद्यार्थ्यांची चर्चा वेगळ्याच ठिकाणी चालते. वेगाने सरकणाऱ्या गटात तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, चांगली उत्तरे खाली गाडली जातात. ती वेचून ठेवणारा कोणी जाणता सहाध्यायी वा सहायक नसेल तर नवख्याची दमछाक होते. शिवाय चर्चेचा साठा परक्या कंपनीच्या हाती राहतो. एप्रिल २०१९ मध्ये गुगलचे समाजमाध्यम ‘गुगल प्लस’ सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले, तेव्हा तिथल्या अभ्यासगटांची चर्चाही त्याबरोबर गेली. ज्यांनी आधी उतरवून घेतली तेवढ्यांचीच उरली.