संमिश्र सिग्नलवरील डॉप्लर विस्थापनाचे सदृशीकरण (सिम्युलेशन)

स्रोत आणि ग्राहक (सिग्नल घेणारे उपकरण, रिसीव्हर) यांच्यातील अंतर बदलत असले की ग्राहकाला मिळणाऱ्या सिग्नलची वारंवारता बदलते. या बदलाला डॉप्लर विस्थापन म्हणतात. हा परिणाम ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडला. लॅबव्ह्यू, सिम्युलिंक, ग्नू रेडिओ अशा प्रणालींत प्रोग्राम ओळींनी लिहीत नाहीत, ठोकळे तारांनी जोडून तयार करतात. अशा प्रोग्रामात हा बदल मुद्दाम घडवून रेडिओ ग्राहकाची चाचणी घेता येते.

पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोलीजवळून ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने एसटी जात असेल, तर तिच्या १,००० हर्ट्झच्या हॉर्नचा स्वर जवळ येताना सुमारे १,०६३ आणि दूर जाताना सुमारे ९४४ हर्ट्झ ऐकू येतो (ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून). त्याच गाडीतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची वारंवारता मात्र जेमतेम १६० हर्ट्झ सरकते. कोल्हापूरवरून जाणारा खालच्या कक्षेतला उपग्रह ४३७ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करत असेल, तर क्षितिजाजवळ हे विस्थापन सुमारे १० किलोहर्ट्झ असते. उपग्रह उगवताना ते धन, सर्वांत जवळ असताना शून्य आणि मावळताना ऋण होते.

वास्तव (एकाच घटकाच्या) सिग्नलला कोसाइनने गुणले की वर्णपटाच्या, म्हणजे त्यातल्या वारंवारतांच्या पटाच्या, दोन प्रती होतात, एक वर सरकलेली आणि एक खाली. संमिश्र सिग्नलमध्ये एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकलेले आय आणि क्यू हे दोन घटक एकत्र वाहतात. त्याला फिरत्या संमिश्र घातांकाने गुणले की सगळा वर्णपट एकाच दिशेला सरकतो आणि ऋण विस्थापनही नीट मिळते. वेग स्थिर असेल तर एक संमिश्र स्रोत आणि एक गुणाकाराचा ठोकळा एवढे पुरते.

खरी कसोटी वेग बदलू लागल्यावर लागते. त्या क्षणाची वारंवारता वेळेने गुणून कला (फेज, म्हणजे लहरीची आवर्तनातली स्थिती) काढणे ही सर्रास होणारी चूक आहे. वारंवारता सेकंदाला १०० हर्ट्झने वाढवायची असताना असे केले, तर ती प्रत्यक्षात २०० हर्ट्झने वाढते. कला म्हणजे वारंवारतेची साठत गेलेली बेरीज. म्हणून सिग्नलच्या प्रत्येक नमुन्याला (ठरावीक अंतराने मोजलेल्या किमतीला) त्या क्षणापुरती वाढ आधीच्या कलेत मिळवावी लागते. सिग्नल तुकड्यांनी येत असेल तर एका तुकड्याची शेवटची कला पुढच्या तुकड्याला द्यावी लागते. लॅबव्ह्यूमध्ये लूपच्या कडेचे शिफ्ट रजिस्टर हे काम करते, तर ग्नू रेडिओतला संमिश्र व्हीसीओ (दिलेल्या किमतीनुसार वारंवारता बदलणारा दोलक) ठोकळा बेरीज स्वतःच सांभाळतो. हा धागा तुटला की प्रत्येक सांध्यावर कला उडी मारते आणि वर्णपटात खोट्या रेषा उमटतात.

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या १.९८ मेगाहर्ट्झ रडारचे उदाहरण इथे बोलके आहे. सेकंदाला ५० मीटर वेगाने थेट रडारकडे येणाऱ्या परावर्तकामुळे या वारंवारतेवर पडणारा फरक जेमतेम ०.६६ हर्ट्झ भरतो. तो वेगळा दिसायला कित्येक सेकंदांची अखंड नोंद लागते, आणि तेवढ्या काळात कलेची एक उडीही निष्कर्ष बिघडवू शकते. (उच्च वातावरणातील वारे मोजताना हे रडार डॉप्लरवर विसंबत नाही. एकमेकींपासून अंतरावर ठेवलेल्या तीन अँटेनांवर मिळणाऱ्या प्रतिध्वनींचा सहसंबंध पाहून ते वाऱ्याचा वेग काढते.)

नुसता गुणाकार अरुंद पट्ट्याच्या सिग्नलला चालतो. खऱ्या डॉप्लरमध्ये काळाची मापपट्टीच आकुंचन किंवा प्रसरण पावते. सेकंदाला ७.५ किमी वेगाने जवळ येणाऱ्या स्रोतासाठी हा बदल दहा लाखांत २५ भाग इतका असतो, त्यामुळे सेकंदाला दहा लाख नमुन्यांच्या सिग्नलमध्ये दर सेकंदाला २५ नमुन्यांची सरक साठत जाते. रुंद पट्ट्यासाठी म्हणूनच पुनर्नमुनन, म्हणजे नव्या काळमापाने पुन्हा नमुने घेणे, करावे लागते. ग्नू रेडिओच्या चॅनल मॉडेल ठोकळ्यात वारंवारतेच्या विस्थापनाबरोबर एप्सिलॉन ही काळमापाची किंमत स्वतंत्रपणे देता येते. ती १ वरच राहू दिली, तर ग्राहकातील घड्याळ जुळवणाऱ्या भागाची परीक्षा होतच नाही.