लाल रंग गिळणारे पाणी आणि नवख्या डायव्हरचा कॅमेरा

तारकर्लीला किंवा कर्नाटकातील नेत्राणी बेटावर पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंग करून आलेल्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते: पाण्यात रंगीत दिसलेले मासे छायाचित्रात मात्र निळसर-हिरवे आणि मळकट उतरतात. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो, तो म्हणजे अधिक मेगापिक्सेलचा, अधिक महागडा कॅमेरा घ्यावा. हा सल्ला चुकीचा आहे, कारण दोष कॅमेऱ्याचा नसून मधल्या पाण्याचा आहे. पाणी प्रकाशाचे नेमके काय करते हे समजले, की मर्यादित पैसे कशावर खर्च करावेत हा प्रश्न बराचसा सुटतो.

आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून समुद्र निळा दिसतो, हा समज अजूनही सर्वत्र आढळतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली युरोपच्या प्रवासात समुद्राचा रंग निरखताना पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट लोलकाने अडवला, तरीही पाण्याचा निळा रंग कायम राहिला. पाण्याचे रेणूच निळा प्रकाश विखुरतात, असे प्रतिपादन करणारे त्यांचे पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे गेले ते ‘नारकुंडा’ या बोटीवरून, मुंबई बंदरातून. मात्र छायाचित्रकाराला ज्याच्याशी झगडावे लागते ती दुसरी प्रक्रिया आहे, आणि ती मला अधिक विलक्षण वाटते: पाणी लाल प्रकाश शोषून घेते.

पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा बंध सतत कंप पावत असतो. या कंपनाशी जुळणारा प्रकाश सुमारे ३ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असतो. परंतु तानपुऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले वरचे स्वरही उमटतात, तसेच या बंधालाही मूळ वारंवारतेच्या जवळपास चौपट आणि पाचपट वारंवारतेचा प्रकाश शोषता येतो. चौपट वारंवारता ७४० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लाल रंगाच्या कडेला येते आणि पाचपट वारंवारता ६०५ नॅनोमीटरजवळ, नारिंगी रंगात येते. हे शोषण मूळ शोषणाच्या तुलनेत अतिशय क्षीण असल्यामुळे पेलाभर पाणी रंगहीन दिसते आणि लाल रंग नाहीसा होण्यास काही मीटर पाणी लागते. याचा सुंदर पडताळा जड पाण्यात मिळतो. अलिबागजवळ थळ येथील प्रकल्पात तयार होणाऱ्या या पाण्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वस्तुमानाचा ड्युटेरियम असतो, त्यामुळे कंपने मंदावतात, हे सारे शोषण अवरक्ताकडे सरकते आणि लाल रंग सहीसलामत पार होतो.

शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश ५ मीटरनंतर सुमारे १८ टक्के आणि १० मीटरनंतर जेमतेम ३ टक्के उरतो, तर निळा प्रकाश १० मीटरनंतरही ९० टक्क्यांच्या आसपास टिकतो. म्हणून खोलीवर लाल रंग हवा असेल तर प्रकाश स्वतःच सोबत न्यावा लागतो. पण टॉर्चचा प्रकाश वस्तूपर्यंत जाऊन परत कॅमेऱ्यापर्यंत येतो, म्हणजे अंतराच्या दुप्पट पाणी कापतो. १ मीटरवरील माशाच्या बाबतीत २ मीटर आणि २ मीटरवरील माशाच्या बाबतीत ४ मीटर. या वाढीव २ मीटर पाण्यात लाल प्रकाश निम्मा होतो. शिवाय अंतर दुप्पट झाल्याने टॉर्चचा झोत पसरून वस्तूवर चौथाई उजेड पडतो. दोन्ही परिणाम एकत्र केले तर मासा दुप्पट अंतरावर गेल्यावर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणारा लाल प्रकाश आठपट घटतो. एवढी घट भरून काढायला फारच महागडा कॅमेरा लागेल. जवळ जाणे मात्र फुकट आहे.

जवळ जाण्यात एक फसवणूक आहे. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) १.३३ असल्याने सपाट काचेतून पाहताना १ मीटरवरील वस्तू पाऊण मीटरवर भासते, आणि याच कारणाने सपाट काचेमागील लेन्सचे दृष्टिक्षेत्रही आक्रसते. मोठी दृश्ये जवळून टिपायची असतील तर हाऊसिंगवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचावर, बाहेरून बसणारी वाइड लेन्स उपयोगी पडते, पण ती नंतरची खरेदी आहे.

कॅमेऱ्यांपैकी नवख्यासाठी दोनच प्रकार विचारात घ्यावेत. गोप्रोसारखा अ‍ॅक्शन कॅमेरा हाऊसिंगशिवाय १० मीटर आणि त्याच्या डाइव्ह हाऊसिंगमध्ये ६० मीटर खोलीपर्यंत चालतो. अंदमानच्या स्वच्छ पाण्यात व्हिडिओसाठी तो उत्तम आहे, पण अगदी जवळच्या वस्तू त्यात धूसर येतात. ऑलिम्पसचा टीजी-६ आणि त्यानंतर ओएम सिस्टीम या नावाने आलेला टीजी-७ हे छोटे कॅमेरे १५ मीटरपर्यंत जलरोधक आहेत, लेन्सपासून अवघ्या १ सेंटिमीटरवरील वस्तूवर फोकस करतात आणि रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) देतात. नद्यांचा गाळ आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) यांमुळे आपल्या कोकणातील पाण्यात दृश्यमानता अनेकदा काही मीटरच असते, त्यामुळे इथे डायव्हिंग करणाऱ्याने चांगल्या स्थितीतील वापरलेला टीजी-६ आणि त्याचे हाऊसिंग घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. स्कूबाच्या प्राथमिक ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्राची खोलीची मर्यादाच १८ मीटर असल्याने हाऊसिंगविना १५ मीटरवर विसंबणे धोक्याचे आहे. आयपी-६८ या जलरोधक दर्जाचा फोनही तसाच पाण्यात नेऊ नये, कारण ती चाचणी स्थिर, गोड्या पाण्यातली असते.

उरलेल्या पैशांतून व्हिडिओ टॉर्च आणि ती कॅमेऱ्यापासून दूर धरणारा ट्रे व दांडी घ्यावी. टॉर्च लेन्सला चिकटून असली तर मधले तरंगणारे कण उजळून छायाचित्रभर पांढरे ठिपके उमटतात. ती बाजूला असली तर लेन्ससमोरचे बरेचसे कण अंधारात राहतात. लाल फिल्टर स्वस्त आहे, पण तो लाल रंग निर्माण करत नाही, केवळ निळा-हिरवा अडवतो. त्यामुळे उथळ, उजेडी पाण्यातच त्याचा उपयोग होतो आणि टॉर्च लावल्यावर तो काढावा लागतो. एका बटणात हरवलेले रंग परत आणण्याचा दावा करणाऱ्या अ‍ॅपच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. सेन्सरवर जो लाल प्रकाश पोहोचलाच नाही त्याच्या जागी सॉफ्टवेअर फक्त छायाचित्रातील दाणेदारपणा (नॉइज) वाढवते.

या सगळ्याच्या आधी मात्र पाण्यात स्थिर तरंगता आले पाहिजे. हातात कॅमेरा असलेला अस्थिर डायव्हर हमखास पायातल्या फिनने (पोहण्याच्या पट्टीने) प्रवाळ मोडतो, आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

हाऊसिंगची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) दर वेळी तपासावी, कारण तिच्यावरील एक केस किंवा वाळूचा कण पाणी आत यायला पुरेसा असतो. नवे हाऊसिंग पहिल्या डाइव्हला कॅमेऱ्याशिवाय, आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून न्यावे. रिकामे हाऊसिंग वर तरंगू पाहते, म्हणून ते दोरीने घट्ट बांधावे. बाहेर आल्यावर ते गोड्या पाण्याने धुऊन, पुसून उघडावे आणि कागद पूर्ण कोरडा असेल तरच पुढच्या डाइव्हला आत कॅमेरा बसवावा.