दुबईत परदेशी माणसाच्या नावावर घर कसं आलं

दुबईत तयार फ्लॅटची खरेदी-विक्री ठरली की शेवटचा टप्पा भूमी विभागाने नेमलेल्या ट्रस्टीच्या, म्हणजे नोंदणीचं काम करणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयात पार पडतो. टेबलाच्या एका अंगाला विकणारा, दुसऱ्या अंगाला घेणारा. डेव्हलपरचं ना-हरकत पत्र तपासलं जातं, बँकेचे मॅनेजर्स चेक एकेक करून पाहिले जातात, पासपोर्ट आणि एमिरेट्स आयडी या तिथल्या ओळखपत्रावरची नावं ताडून बघितली जातात, आणि नवं टायटल डीड, म्हणजे मालकीचा दाखला, तयार होतं. अरबी आणि इंग्रजीतल्या त्या कागदावर इमारतीचं नाव, फ्लॅटचा नंबर, चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ आणि मालकाचं नाव असतं. नवरा-बायकोने मिळून घेतलं असेल तर कुणाचा हिस्सा किती, तेही. 2002 च्या आधी बहुतेक परदेशी रहिवाशांना हा कागद मिळण्याची सोयच नव्हती. आणि 2002 नंतरची चार वर्षं अशी गेली की लोकांकडे घर होतं, किल्ली होती, पण हा कागद नव्हता.

दुबईचा भूमी विभाग 1960 चा. जमीन शासकाच्या अखत्यारीतली, आणि ती नागरिकांनाच मिळायची. बाहेरून आलेल्याने भाड्याने राहायचं, वर्षाचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकने आधीच देऊन ठेवायचं. नोकरी सुटली की व्हिसा जायचा, आणि व्हिसा गेला की सामान बांधायचं. पंचवीस-तीस वर्षं राबून, मुलं तिथेच वाढवून परतलेल्या कितीतरी कुटुंबांच्या मागे त्या शहरात एक खोलीही उरली नाही.

हे बदललं त्याचं मूळ तेलात आहे, म्हणजे तेल कमी असण्यात. दुबईला 1966 मध्ये तेल सापडलं, पण शेजारच्या अबू धाबीच्या मानाने साठा तुटपुंजा. त्यामुळे शहराला व्यापारावर उभं राहावं लागलं. जेबेल अली बंदर 1979 मध्ये सुरू झालं आणि 1985 मध्ये त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र आलं, जिथे परदेशी माणूस स्थानिक भागीदाराशिवाय कंपनीचा पूर्ण मालक होऊ शकत होता. माझ्या मते पुढच्या सगळ्या घरखरेदीचा नमुना इथेच तयार झाला. देशाचा कायदा आहे तसा ठेवायचा, नकाशावर एक रेघ मारायची आणि रेघेच्या आत वेगळा नियम लावायचा. बंदराजवळ जे कंपन्यांसाठी केलं, तेच पुढे घरांसाठी झालं.

मे 2002 मध्ये तेव्हाचे युवराज शेख मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम यांनी ठरावीक प्रकल्पांत परदेशी लोकांना फ्रीहोल्ड, म्हणजे कायमच्या मालकीने घर घेण्याची मुभा दिली. 1997 मध्ये स्थापन झालेली एमार आणि पाम जुमेराहचं बेट समुद्रात भराव घालून उभारणारी नखील, या दोन डेव्हलपरांची नावं त्या काळात घरोघरी पोचली. लोकांनी भराभर बुकिंग केलं. मात्र मुभेपाठोपाठ नोंदणीचा कायदा आला नाही. मालकीचा आधार म्हणजे डेव्हलपरशी केलेला करार आणि डेव्हलपरच्या दप्तरातली नोंद. आयुष्याची पुंजी ओतणाऱ्याला हे फारच अपुरं होतं, आणि तरीही माणसं पुढे आली. भाड्याच्या घरात इतकी वर्षं काढलेल्यांना ‘आपलं’ या शब्दाची ओढ किती असते, हे त्यावरून कळतं.

मग 2006 चा कायदा क्रमांक 7 आला. त्याचं चौथं कलम आजही पाया आहे. दुबईत जमीन आणि इमारतीच्या मालकीचा हक्क दुबई ज्यात मोडतं त्या संयुक्त अरब अमिरातींचे आणि आखाती सहकार्य परिषदेतल्या देशांचे नागरिक यांचा. बाकीच्यांना शासक ठरवतील त्याच भागांत कायमची मालकी किंवा 99 वर्षांपर्यंतचा वापराचा अथवा भाडेपट्ट्याचा हक्क. कोणते भाग, ते त्याच वर्षीच्या नियम क्रमांक 3 ने ठरवून दिलं. शेजारी अबू धाबीने परदेशी लोकांना अशी पूर्ण मालकी द्यायला 2019 उजाडलं.

पुढचे कायदे मात्र घाईने आले, कारण तोवर बाजार तापला होता. न बांधलेल्या इमारतीतला फ्लॅट थोडे पैसे भरून घ्यायचा आणि पुढचा हप्ता यायच्या आत विकायचा, असा धंदाच झाला होता. 2007 च्या कायदा क्रमांक 8 ने ग्राहकांचे पैसे त्या प्रकल्पाच्याच एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच बांधकामासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यात, ठेवणं बंधनकारक केलं आणि बांधकाम पुरं झाल्यावरही पाच टक्के रक्कम वर्षभर अडकवून ठेवली. त्याच वर्षी रेरा ही घरबांधणी व्यवसायाची नियामक संस्था आली. 2008 च्या कायदा क्रमांक 13 ने बांधकामाआधी विकलेल्या फ्लॅटची तात्पुरती नोंदवही सुरू केली. त्यात नोंद नसलेला व्यवहार रद्दबातल.

आणि त्याच वर्षाच्या शेवटी बाजार कोसळला. किमती निम्म्यावर आल्या, प्रकल्प अर्धवट थांबले, आणि नोव्हेंबर 2009 मध्ये नखीलची मालक असलेल्या दुबई वर्ल्डने कर्जफेडीला मुदत मागितली. पगारदार रहिवाशाची कोंडी तर चहूबाजूंनी. नोकरी गेली म्हणून व्हिसा जाणार. फ्लॅटचा ताबा नाही, पण हप्त्यांचे पुढच्या तारखांचे चेक देऊन बसलेला. आणि खात्यात पैसे नसताना चेक परत गेला तर तो फौजदारी गुन्हा. नियम असे की राहायचं म्हटलं तर कायदा राहू देत नाही, आणि देणं डोक्यावर ठेवून जायचं म्हटलं तर तोही गुन्हा. चेकची ही तरतूद जानेवारी 2022 मध्ये सैल झाली आणि शिल्लक कमी पडणं बहुतांश प्रकरणांत दिवाणी बाब बनलं. ते फार आधी व्हायला हवं होतं.

2013 मध्ये नोंदणी शुल्क दोन टक्क्यांवरून चार टक्के झालं. मध्यवर्ती बँकेने परदेशी रहिवाशाच्या पहिल्या घराला, किंमत 50 लाख दिरहमपर्यंत असेल तर, 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याची मर्यादा घातली. 2020 मध्ये ती 80 टक्के झाली.

घर नावावर झालं तरी माणूस गेल्यावर ते कुणाचं, हा प्रश्न बरीच वर्षं घरोघरी कुजबुजत बोलला जायचा. मृत्युपत्र नसेल तर स्थानिक वारसा नियमांप्रमाणे हिस्से पडतील, बायकोच्या वाट्याला फार थोडं येईल, ही धास्ती खरी होती. 2015 मध्ये दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्रात बिगरमुस्लिमांसाठी मृत्युपत्र नोंदणी सुरू झाली. फेब्रुवारी 2023 पासून लागू झालेल्या, सगळ्या अमिरातींसाठीच्या संघराज्याच्या कायद्याने मृत्युपत्र नसलेल्या बिगरमुस्लिम व्यक्तीची अर्धी मालमत्ता जोडीदाराला आणि अर्धी मुलांना, मुलगा-मुलगी भेद न करता, देण्याची तरतूद केली.

घराच्या जोरावर दीर्घकाळ राहण्याचा हक्कही उशिरा आला, तोही पैशाच्या मापाने. ऑक्टोबर 2022 पासून किमान 20 लाख दिरहमची मालमत्ता असलेल्याला दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू लागला. त्याहून स्वस्त, एका खोलीचा फ्लॅट घेतलेल्या पगारदाराला त्या घराच्या जोरावर तो मिळत नाही.