तरती सुकी गोदी आणि चिनी जहाजबांधणी

तरती सुकी गोदी म्हणजे जहाज पाण्याबाहेर उचलून धरणारी आणि स्वतः तरंगणारी पोलादी रचना. तिचा आडवा छेद ‘यू’सारखा असतो : तळाशी पाँटून (पोकळ, तरंगणारा तळभाग), दोन्ही कडांना उभ्या भिंती आणि आत पाणी भरण्या-उपसण्याच्या बॅलास्ट टाक्या.

उगमाबद्दल मतभेद आहेत. शन ख्वो या चिनी विद्वानाच्या ११व्या शतकातील टिपणांनुसार, शीनिंग कालखंडात (१०६८–७७) ह्वांग ह्वायशीन या खोजा अधिकाऱ्याने खायफंग येथील जिनमिंग तलावाच्या उत्तरेस मोठा हौद खणवला. त्यात खांब व तुळया बसवल्या, पाणी सोडून शाही नौका तुळयांवर आणली आणि नंतर पाणी उपसले. यावरून काही लेखक तरत्या गोदीचे मूळही चीनमध्ये शोधतात. मात्र तेथे उपसले ते जहाजाभोवतीचे पाणी; तरत्या गोदीत ते गोदीच्या पोटातून उपसतात. म्हणून हा दाखला स्थिर, म्हणजे जमिनीत खणलेल्या गोदीचाच मानणे सयुक्तिक. स्थिर गोदीचाही याहून जुना उल्लेख चौथा टॉलेमी या राजाच्या इजिप्तबाबत सापडतो, पण तो कित्येक शतकांनी लिहिलेला आहे. तत्त्वाच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण १७व्या शतकाच्या अखेरचे, ॲम्स्टरडॅमजवळच्या उथळ पाण्यावरून जहाजे नेण्यासाठी वापरलेल्या डच ‘उंटां’चे आहे : जहाजाच्या दोन्ही बाजूंना बांधून उपसायच्या पोकळ पेट्या.

गोदीत जहाज घेण्यापूर्वी त्याच्या नकाशानुसार मधल्या ओळीत कण्याचे व बाजूंना पोटाचे ठोकळे मांडतात. टाक्यांत पाणी घेऊन गोदी बुडवतात. पाँटूनवर जहाजाचा डुबाव (पाण्याखालच्या भागाची खोली), ठोकळ्यांची उंची आणि थोडी मोकळीक एवढे पाणी लागते. जहाज मध्यरेषेवर आणून उपसा सुरू होतो. सर्वांत नाजूक टप्पा असतो तो जहाजाचा तळ पाण्याबाहेर आला, पण पाँटूनचा माथा अजून बुडालेला आहे, तेव्हाचा. त्या वेळी पाणरेषेवर फक्त भिंतींचा छेद उरतो आणि स्थैर्य किमान होते. अर्धवट भरलेल्या टाक्यांतले हिंदकळणारे पाणी ते आणखी घटवते. जहाज आखूड व जड असल्यास मधल्या टाक्या अधिक रिकाम्या करून टोकांना पाणी ठेवतात, नाहीतर गोदी मध्यभागी खाली वाकते. वीजपुरवठ्याची हयगय तर अजिबात चालत नाही : ३० ऑक्टोबर २०१८ रोजी रशियात रोस्ल्याकोव्हो येथे ‘ॲडमिरल कुझनेत्सोव्ह’ ही विमानवाहू नौका आत असताना पीडी-५० ही स्वीडनमध्ये बांधलेली गोदी, पंपांची वीज गेल्यावर बुडाली.

चीनच्या निर्यात-जहाजबांधणीचा आरंभ सामान्यतः दालियन येथे बांधलेल्या, १९८२ च्या सुरुवातीस हाँगकाँगच्या मालकांना सुपूर्द केलेल्या सुमारे २७,००० टनी ‘छांगछंग’ जहाजापासून धरतात. त्याच वर्षी सरकारी जहाजबांधणी महामंडळ स्थापन झाले. १९९९ मध्ये त्याचे दोन भाग झाले व २०१९ मध्ये ते पुन्हा एकत्र आले. २०१० च्या सुमारास चीनने दक्षिण कोरियाला टनभारात मागे टाकले. अलीकडे जगातील जवळपास निम्मा टनभार तेथे बांधला जातो.

या वाढीत मोठा वाटा खणीव गोद्यांचा आहे. तरत्या गोद्या मुख्यतः दुरुस्तीसाठी असतात. पूर्व चीनमधील चौशान द्वीपसमूह हे दुरुस्तीचे प्रमुख केंद्र. सपाट जमिनीवर सांगाडा जोडून तो रुळांवरून गोदीवर सरकवण्याची पद्धतही आहे. तिच्यात भार पुढे सरकेल तसे पाणी काढावे लागते आणि भरती-ओहोटीचाही हिशेब ठेवावा लागतो. धक्का व गोदी यांच्या पातळीत फरक पडला, तर सांगाड्यावर ताण येतो. यांगत्सेच्या मुखाशी गाळ फार. तेथे गोदी बुडवण्याचा खड्डा वरचेवर उपसावा लागतो.