कलायखंज (लाखोळीजन्य पांगळेपण)

लाखोळीचे दाणे अनेक आठवडे मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने दोन्ही पायांत कायमचा ताठरपणा आणि अशक्तपणा आणणारा चेतासंस्थेचा विकार. आधुनिक वैद्यकात त्याला लॅथिरिझम म्हणतात. हे नाव इटालियन वैद्य कांतानी यांनी १८७३ मध्ये रूढ केले. लाखोळी (लॅथिरस सॅटिव्हस) हे पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांतील जुने रब्बी कडधान्य आहे. कापणीपूर्वी उभ्या धानात, बांधीतल्या ओलाव्यावर तिचे बी फेकतात. नांगरणी, खत आणि सिंचन यांवाचून ती येते.

विकाराच्या प्राचीनत्वाविषयी मतभेद आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वातव्याधींच्या प्रकरणात, चालू लागताच जो थरथरतो, लंगडल्यासारखा चालतो आणि ज्याच्या सांध्यांचे बंध सैल झालेले असतात त्याला कलायखंज जाणावे, असे सांगितले आहे. यावरून सुश्रुतकाळीच हा रोग व त्याचे कारण दोन्ही ज्ञात होते, असे अनेक लेखक मानतात. परंतु त्या श्लोकात आहाराचा उल्लेख नाही. कलाय म्हणजे नेमके कोणते धान्य याविषयीही एकमत नाही, कारण काही टीकाकार व निघंटू (वनस्पती-द्रव्यांचे जुने कोश) त्याचा अर्थ वाटाणा असा करतात. शिवाय सांध्यांचे शैथिल्य हे वर्णन आज दिसणाऱ्या ताठर पायांशी पुरते जुळत नाही. भावमिश्रांच्या भावप्रकाशात (सामान्यतः सोळावे शतक) मात्र त्रिपुट (लाखोळी) या कडधान्याचे गुण सांगताना ते लंगडेपणा व पांगळेपणा आणणारे आहे असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून कारण आणि परिणाम यांची निःसंदिग्ध सांगड घालणारा आधार भावप्रकाशाचा मानणे अधिक सुरक्षित वाटते. सुश्रुताचे वचन लक्षणापुरते घ्यावे.

साथीचे तपशीलवार वर्णन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. आजच्या मध्य प्रदेशातील सागर भागात १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये अवर्षणाने आणि १८३१ मध्ये रोगाने गहू बुडाला. तिन्ही वर्षे तग धरून राहिली ती लाखोळीच. लोकांनी तिच्यावरच गुजराण केली आणि तिशीच्या आतील कित्येकांचे कमरेखालचे बळ गेले. सागरचा प्रदेश आणि नागपूर, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) हे जिल्हे पुढे, १८६१ मध्ये, एकाच मध्य प्रांतात आले.

रोगाचे स्थान समजण्यासाठी ऐच्छिक हालचालीचा मार्ग पाहावा लागतो. तो दोन चेतापेशींचा बनलेला असतो. पहिली, म्हणजे ऊर्ध्व प्रेरक चेतापेशी, प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, असते. पायांचे नियंत्रण करणारा तिथला भाग दोन्ही गोलार्धांच्या आतल्या, एकमेकांसमोरच्या पृष्ठभागावर येतो. प्रत्येक चेतापेशीला पेशीकाय, संदेश घेणाऱ्या आखूड वृक्षिका आणि संदेश पुढे नेणारा एक लांब अक्षतंतू असतो. बाह्यकातून निघालेले बहुसंख्य अक्षतंतू मस्तिष्कपुच्छाच्या (मेंदूच्या मेरुरज्जूला जोडलेल्या तळच्या भागाच्या) खालच्या टोकाशी विरुद्ध बाजूस जातात आणि मेरुरज्जूच्या पार्श्वस्तंभातून, म्हणजे बाजूच्या तंतुपट्ट्यातून, खाली उतरतात. मेरुरज्जू प्रौढात सुमारे ४५ सेंमी. लांब असून तो कण्याच्या पूर्ण लांबीइतका नसतो. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो. त्यातून मेरुचेतांच्या ३१ जोड्या निघतात. दुसरी, म्हणजे अधर प्रेरक चेतापेशी, मेरुरज्जूच्या अग्रशृंगात (पुढच्या करड्या भागात) असते आणि तिचा तंतू थेट स्नायूपर्यंत पोहोचतो. अधर पेशी बिघडली तर पोलिओप्रमाणे स्नायू लुळा पडतो व झिजतो. ऊर्ध्व पेशी बिघडली तर मेंदूचे नियंत्रण सुटून स्नायू ताठर होतो. कलायखंज हा ऊर्ध्व पेशीचा विकार आहे.

शवविच्छेदनाचे उपलब्ध पुरावे मोजके आहेत. त्यांत मेरुरज्जूच्या छाती व कमरेच्या भागांतील पार्श्वस्तंभांचा ऱ्हास ठळक दिसतो. ऱ्हास पेशीकायापासून सुरू होतो की अक्षतंतूच्या दूरच्या टोकापासून, हा प्रश्न वादाचा आहे. हातांपेक्षा पायच का जातात याचे समाधानकारक स्पष्टीकरण दुसऱ्या मताने मिळते, कारण पायांकडे जाणारे तंतू सर्वांत लांब असतात.

दाण्यातील विषारी द्रव्य भारतीय संशोधकांनी १९६४ मध्ये वेगळे केले. ऑक्झॅलिल-डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल, संक्षेपाने ओडॅप, हे ते द्रव्य होय. चेतापेशींच्या संपर्कस्थानी संदेश वाहणाऱ्या ग्लुटामेटशी त्याची रचना मिळतीजुळती आहे. त्यामुळे ते ग्लुटामेटच्या ग्राहींना (पेशीवरील संदेश घेणाऱ्या जागांना) चिकटते, पेशी अतिउत्तेजित राहते, तिच्यात कॅल्शियम साचते आणि अखेर ती मरते. तथापि एकट्या ओडॅपने सर्व उलगडा होत नाही. एकाच घरात तीच डाळ खाणाऱ्यांपैकी एखाद्यालाच विकार होतो, आणि प्राण्यांत तो हुबेहूब निर्माण करणे अवघड गेले आहे. आहारात गंधकयुक्त अमिनो आम्लांचा तुटवडा असणे हे दुसरे कारण अलीकडे पुढे आले आहे. लाखोळीत ही आम्ले कमीच असतात. लाखोळी थोडीच आणि भात, गहू, भाजीपाला यांसोबत खाल्ली जाते तिथे विकार क्वचित दिसतो. ती आहाराचा तिसरा हिस्सा किंवा अधिक होऊन दोन-तीन महिने चालली की धोका वाढतो. म्हणून हा दुष्काळाचा व दारिद्र्याचा रोग म्हणणे योग्य ठरेल.

विकार तरुण पुरुषांत अधिक आढळतो आणि बहुधा अचानक, कष्टाच्या दिवसांत, पोटऱ्यांत गोळे येऊन सुरू होतो. पुढे रुग्ण गुडघे वाकवून, टाच उचलून, चवड्यांवर चालतो. मांड्या एकमेकींवर घासतात व पाय कात्रीसारखे आडवे पडतात. चपलेचा पुढचा भाग आधी झिजतो. विनाकाठी, एक काठी, दोन काठ्या आणि सरपटणे अशा त्याच्या चार पायऱ्या भारतीय वैद्यकात मानल्या आहेत. स्पर्शज्ञान व बुद्धी शाबूत राहतात. डाळ बंद केल्यास विकार सहसा वाढत नाही, पण गेलेले बळ परत येत नाही. स्नायूंचा ताठरपणा उतरवणारी औषधे व व्यायाम यांचा उपयोग मर्यादित आहे.

देशात लाखोळीच्या विक्रीवर १९६१ पासून अनेक राज्यांत बंदी आली. लागवड मात्र चालूच राहिली. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये बंदी उठवली. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात) तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि डाळीचे वडे आवडीने खातात. दाणा कुऱ्हाडीच्या पात्याच्या घाटाचा व करडा असतो. डाळ तुरीसारखी दिसते, पण अधिक चपटी व कोनदार असते. डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी ओतून टाकल्यास ओडॅपचा बराच अंश निघून जातो. रतन आणि प्रतीक यांसारखे कमी ओडॅपचे वाण उपलब्ध आहेत. तथापि मातीतील जस्ताची कमतरता व पाण्याचा ताण यांमुळे दाण्यातील ओडॅपचे प्रमाण बदलते. मधमाश्यांमुळे शेजारच्या जुन्या वाणांशी संकरही होतो. त्यामुळे घरचेच बी वर्षानुवर्षे पेरल्यास वाणाचा हा गुण कायम राहीलच असे नाही.